आईने मागवलेली कृती

केडगाव स्टेशन
११ ऑगस्ट २००३

चि. ऑस्टिन यास,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडून टाकलं असशील तर प्रश्नच मिटला. उघडलं असशील तर कामाचं आधी लिहितो. तुझ्या आईला तुझ्या त्या ब्राऊनीची कृती पाहिजे आहे. साहित्य किती, भाजायची किती वेळ, सगळं सविस्तर लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पत्ता मल्हारकडून मिळाला. तुझ्याबरोबर केटरिंगच्या कॉलेजला होता तो, न्हावऱ्याचा. आता शिरूरला राहतो आणि रांजणगावच्या एका कंपनीच्या कँटीनला आहे. मी गुरुवारी चौफुल्याहून एसटीने गेलो. गाडी न्हावऱ्यात पाऊण तास थांबली, ड्रायव्हर जेवायला गेला होता. मल्हार आधी ऐकेना. म्हणाला, "आबा, त्यो मला म्हणला हुता, घरच्या कुणाला पत्ता देऊ नगं. त्याला इचारावं लागंल."

मी म्हटलं, "मग विचार."

"इचारलं तर न्हाईच म्हणंल की." असं म्हणून त्याने डोकं खाजवलं आणि चहाच्या पुड्याच्या पुठ्ठ्यावर पत्ता लिहून दिला. "म्हातारं मानूस यष्टीनं आलंय, मोकळं कसं लावून देऊ? पर माझं नाव सांगू नका बरं का."

ते मी वर सांगून बसलो आहे. खोडलं तर डाग दिसेल आणि तुला वाटेल काही लपवतो आहे. त्याच्यावर रागावू नको.

मल्हारला त्याचीच कृती मागितली तर म्हणाला, "माझी बी हाय, पर त्याच्यावाणी न्हाई. सरांनी सगळ्या वर्गाला ऑस्टिनची चाखायला दिली हुती." मला ते माहीत नव्हतं. तू घरी कधी सांगितलं नाहीस. किंवा सांगितलं असशील.

आईचं बरं आहे. गुडघे धरतात. तिला म्हटलं तूच लिही, तर म्हणाली तुम्ही लिहा. म्हणून मी लिहितो आहे. पणजीचा पिनकोड मल्हारने दिला तोच घातला आहे. पोस्टातला माणूस म्हणाला बरोबर आहे, पण त्याने नीट बघितलं नाही.

बन्यामीन

---

केडगाव स्टेशन
७ सप्टेंबर २००३

चि. ऑस्टिन यास,

सलाम. आधीचं पत्र मिळालं की नाही कळायला मार्ग नाही. पावसाने डाकेची पोती भिजतात म्हणे. म्हणून मुख्य गोष्ट परत लिहितो. आईला ब्राऊनीची कृती पाहिजे आहे.

तोवर मी इकडे खटपट चालू ठेवली आहे. शेजारची स्वप्नाली तुला आठवेल, तू गेलास तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. आता दौंडच्या कॉलेजला जाते. तिने तिथल्या सायबर कॅफेतून इंग्रजी कागद काढून आणला आणि मला मराठीत सांगितला. त्यात तीनशे पन्नास डिग्री लिहिलं होतं. आपल्या इथे अजून तीच पद्धत आहे, घरून मैदा, डालडा, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची. तशी मी ताटली भरून सोपानरावाच्या बेकरीत नेली. त्याला डिग्री कळत नाही. तो भट्टीत चिमूटभर पीठ टाकतो आणि ते किती झटपट लाल होतं त्यावरून अंदाज घेतो. मी तीनशे पन्नास म्हटल्यावर म्हणाला, "मामा, तुमची रेल्वेची नोकरी सुटली तरी इंजान वितळायचं डोक्यातनं जाईना व्हय?"

मी सांगितलं, कागदावर आहे तसं कर. त्याने भट्टी पावाच्या वरताण तापवली. अर्ध्या तासाने जे निघालं ते उलथन्यानेसुद्धा निघेना. सोपानराव म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, कौल फुटलं तर बसवायला हुईल." गिऱ्हाइकं हसली. स्वप्नालीला दाखवलं तर तिने कपाळाला हात लावला. तो आकडा म्हणे दुसऱ्या मापातला होता, आपल्याकडचे पावणेदोनशे. मी चाळीस वर्षं दौंडच्या शेडमध्ये फिटरच्या हाताखाली काढली, मला हे सुचायला हवं होतं. सातवी नापास माणसाचं असंच होतं.

दुसऱ्यांदा वर्तमानपत्राच्या पुरवणीतली केली. बेकिंग पावडरची. ती छान फुगली, मऊ झाली. सगळ्यांनी खाल्ली. आईलाही दिली. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, हा केक झाला, ऑस्टिनची ब्राऊनी नाही. तिला बरोबर कळतं. तू त्या वर्षी नाताळच्या आधी कुकरमध्ये वाळू घालून तिच्यापुरती एवढीशी केली होतीस, ती चव ती विसरलेली नाही. मी ती खाल्ली नव्हती, त्यामुळे मला सांगता येत नाही काय कमी पडतं.

तू सांगितल्याशिवाय जमणार नाही. पोस्टकार्डावर लिहिलंस तरी चालेल.

बन्यामीन

---

केडगाव
२१ सप्टेंबर २००३
(हे पेटीत टाकायचं नाही.)

ऑस्टिन,

आज रविवार. मिशनच्या देवळातून आलो आणि दार लावून बसलो आहे. दोन पत्रं तुला गेली. त्यांत आईचं बरं आहे असं लिहिलं आहे. ती आता बोलली, तिने घास खाल्ला, असं लिहिलं आहे.

तुझी आई १९ जूनला गेली. दौंडच्या दवाखान्यात. पोटात पाणी झालं होतं. आठ दिवस होती. मिशनच्या स्मशानभूमीत माती दिली.

तुला कळवलं नाही. का, ते मला आज लिहिता येत नाही, मी तीनदा लिहून खोडलं आहे.

मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारलं, ऑस्टिन कुठे आहे? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, कळवलंय, सुटी मिळाली नाही. तोंडातून निघून गेलं. मग मंडळीतला आनंदराव म्हणाला, "आईच्या मातीला बी सुटी न्हाई? लई मोठा सायेब झाला म्हणायचा." मला तेव्हा त्याला गप्प करता आलं असतं. मी मान हलवली. मान हलवली म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं. तेव्हापासून सगळं गाव तुला नाव ठेवतं आणि मला धीर देतं. बायका डबा आणून देतात. म्हणतात, पोरगं असून नसल्यासारखं. मी तो डबा खातो.

आईने दवाखान्यात ब्राऊनी खरंच मागितली होती. तेवढं खोटं नाही. दोन दिवस तेच म्हणत होती, त्याने केली होती तशी. मी दौंडमधल्या दुकानातून क्रीमचा केक आणला. तिने बोट लावलं आणि बाजूला ठेवला. मग मी ऑगस्टात विचार केला की माझ्यासाठी तू पत्र लिहिणार नाहीस. तिच्यासाठी लिहिशील.

आता कसं मागे फिरायचं ते कळत नाही. तुझं उत्तर आलं की पुढच्या पत्रात सांगेन. उत्तर नाही आलं तर सांगून तरी काय होणार आहे.

---

केडगाव स्टेशन
१९ ऑक्टोबर २००३

चि. ऑस्टिन यास,

सलाम. दिवाळीच्या आधी सोपानरावाच्या बेकरीत गर्दी असते, म्हणून आता घरीच कुकरमध्ये करून बघतो. वाळू ओढ्याची आणली, चाळून, धुऊन, वाळवून घेतली. तरी एकदा दाताखाली खडा आला.

तुझं उत्तर नाही. नसेल द्यायचं तर नको देऊ. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे.

परवा स्वप्नालीने तो इंग्रजी कागद परत वाचून दाखवला. मी म्हटलं, सोडा किती घालायचा ते सांग. ती म्हणाली, "आबा, ह्यात सोडा न्हाईच."

मी म्हटलं, "लिहिणारा विसरला असेल."

"न्हाई ओ. खाली लिवलंय, फुगू द्यायची न्हाई म्हणून. बसकीच असती ती."

मी तिच्या हातून कागद घेतला आणि घरी आलो. मला इंग्रजी वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत बसलो.

ऑस्टिन, १९९५ च्या नाताळात तू पहाटे उठून देवळातल्या सगळ्यांना पुरेल एवढं ते मिश्रण कालवलं होतंस. दोन मोठे ट्रे. सायकलवरून बेकरीत मी नेले. वाटेत झाकण सरकलं म्हणून बघितलं तर आत चिखलासारखं घट्ट, फुगायचं नाव नाही. मला वाटलं पोरगं घाबरून सोडा विसरलं. चाळीस माणसांत फजिती होईल. सोपानराव भट्टीत लाकूड सारत होता. मी त्याच्या डब्यातला खायचा सोडा घेतला, एका ट्रेला एक मूठ, दुसऱ्याला एक मूठ, आणि हाताने कालवला. तुझं भलं व्हावं म्हणून. हे खरं आहे, विश्वास ठेव किंवा ठेवू नको.

पुढचं तुला माहीत आहे. ते ट्रेच्या बाहेर उतू गेलं, मग खाली बसलं आणि कडूजहर झालं. आनंदरावाने तुकडा तोंडातून काढला आणि म्हणाला, "ऑस्टिन, ह्यानं धोतार धुवायचं का खायाचं?" सगळी माणसं हसली. त्यांत माझं हसणं सगळ्यात मोठं होतं. तू माझ्याकडे बघत होतास. मी म्हणालो, कॉलेजात हेच शिकवतात का? मला तेव्हा कळलं होतं की सोड्याने झालं. कळलं होतं, पण चारचौघांत सांगितलं नाही. मग तेच धरून बसलो, की तुला त्यातलं काही येत नाही, रेल्वेचा फॉर्म भर. जानेवारीत तुला कॉलेजला परत जाऊ दिलं नाही. पंधरा दिवसांनी तू पॅसेंजरने गेलास.

तुझी काही चूक नव्हती. ती बसकीच असते, हे मला आठ वर्षांनी एका शेजारच्या पोरीने सांगितलं.

आईला हे मी कधी सांगितलं नाही.

बन्यामीन

---

केडगाव स्टेशन
३० नोव्हेंबर २००३

चि. ऑस्टिन यास,

तुझं पत्र बुधवारी आलं. पोस्टमन गेणबा सायकल टेकवून उभाच राहिला, म्हणाला, "मामा, गोव्याचं हाय. फोडा की, मी बी ऐकतो." मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

पाकिटावर आईचं नाव होतं. आत पण तिलाच लिहिलं होतंस. मी ते वाचायला नको होतं, पण वाचायला दुसरं कोणी नाही.

सोड्याचं तुला तेव्हाच वासावरून कळलं होतं, हे वाचून मी थोडा वेळ पत्र खाली ठेवलं. आठ वर्षं तुला माहीत होतं आणि मी कबूल करतो का, याची तू वाट बघत होतास. आईला तू लिहिलं आहेस, पप्पांनी स्वतःहून सांगितलं, आता माझा राग राहिला नाही.

कृती तू दोन पानं लिहिली आहेस. लोणी किती, कोको किती, साखर निम्मी आणि तिच्या जोडीला दोन मोठे चमचे काकवी, ती न्हावऱ्याच्या गुऱ्हाळाची मिळाली तर उत्तम, अंडी दोन, मैदा फक्त अर्धी वाटी, मीठ चिमूटभर. कुकरची रिंग आणि शिट्टी काढायची, आच मंद, अर्ध्या तासाने काडी घालून बघायची, काडीला थोडं चिकटलं पाहिजे. मी गुरुवारी न्हावऱ्याला जाऊन काकवी आणली आणि शुक्रवारी केली. वर पातळ पापुद्रा आला, तडकला, मधे बसली. स्वप्नाली उभ्या उभ्या तीन तुकडे खाऊन गेली. सोपानरावाला नेऊन दिली तर म्हणाला, "आत वलं हाय की वो. कच्ची ऱ्हायली." मी म्हटलं, तशीच असते. तो म्हणाला, "मग आजपातूर माझी समदी कच्ची नानकटाई अशीच खपवाया हवी हुती." तरी कागदाला लागलेलं बोटाने पुसून खाल्लं. मीही एक तुकडा खाल्ला. आई त्याबद्दल जे सांगायची ते बरोबर होतं.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळींचं. तू आईला लिहिलं आहेस, "आई, पप्पांची तीनही पत्रं तुझ्या नावाने आली, पण तुझं एक अक्षर त्यात नाही. तू तुझ्या हाताने दोन ओळी लिही, ये म्हण, मी त्याच दिवशी सुटीचा अर्ज टाकतो. नाताळला घरी असेन."

मी चार दिवस त्या दोन ओळींच्या मागे होतो. स्वप्नालीकडे आईची गाण्यांची वही घेऊन गेलो. म्हटलं, ह्या वळणाने दोन ओळी लिहून दे. तिने वही बघितली, मग मला बघितलं.

"आबा, आजीला जाऊन पाच म्हैनं झालं."

"मला माहीत आहे."

"मग त्यो दारात आल्याव काय दावणार त्याला?"

"आल्यावर बघू. आधी येऊ दे."

"मी न्हाई लिवणार," ती म्हणाली. "तुम्ही मला मारलं तरी न्हाई. आन् तुम्ही बी नका लिवू."

मी लिहिलं. वहीतली पानं संपेपर्यंत लिहिलं. तुझ्या आईचं अक्षर गोल आणि मोकळं. ती मिशनच्या शाळेत शिकली होती, माझ्यापेक्षा चांगलं लिहायची. "ये" एवढंसुद्धा मला तिच्यासारखं जमलं नाही. माझी मात्रा तिरकी होते.

म्हणून आता सरळ लिहितो. तुझी आई १९ जूनला गेली. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तिला जाऊन जवळजवळ दोन महिने झाले होते. सप्टेंबरात एक पत्र लिहून पोस्टात न टाकता ठेवलं होतं, तेही ह्या पाकिटात घातलं आहे. त्यात गावाला मी तुझ्याबद्दल काय सांगितलं ते आहे. आज सकाळी उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना सांगितलं की ऑस्टिनला मी कळवलंच नव्हतं. आनंदराव शेजारी होता. तो छत्री घेऊन निघून गेला. आज डबा आला नाही.

त्या पत्रात एक गोष्ट लिहिता आली नव्हती. गेल्या नाताळच्या कार्डावर तू आईसाठी तुझ्या हॉटेलचा फोन नंबर लिहिला होतास, पत्ता नव्हता. ती दवाखान्यात असताना सारखी म्हणायची, त्याला फोन लावा. १७ जूनला मी दौंड स्टेशनसमोरच्या बूथवर गेलो आणि लावला. लगेच लागला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. तू हॅलो म्हणालास. मला वाटलं, आता हा विचारेल, इतक्या वर्षांत तुम्हाला आजच कसा फोन करावासा वाटला? मी बोललो नाही. तू परत हॅलो म्हणालास. मग अगदी हळू आवाजात म्हणालास, "आई?"

मी रिसीव्हर खाली ठेवला.

दवाखान्यात वर जाऊन तिला सांगितलं, लागत नाही. ती म्हणाली, उद्या लावा. दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो, चहा प्यायलो आणि परत येऊन तेच सांगितलं. ती म्हणाली, त्याच्याकडे पाऊस असेल, लाइन बंद असेल. १९ तारखेला सकाळी तिने विचारलं नाही. दुपारी गेली.

तुला तो फोन आठवत असेल तर तो मी होतो.

तुझा राग राहिला नाही असं तू लिहिलं आहेस, ते तू आईला लिहिलं आहेस आणि तेही हे माहीत नसताना. ते मी माझ्यासाठी मानत नाही. पत्र तिच्या वहीत ठेवलं आहे. तुला परत पाहिजे असेल तर कळव, रजिस्टरने पाठवतो.

नाताळला ये असं लिहायचं मला तोंड नाही. पण तू तिच्यासाठी येशील असं वाटतं, म्हणून एवढं लिहितो. स्मशानभूमीचं फाटक संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. किल्ली माळ्याकडे असते, त्याला मी सांगून ठेवतो, तो नाव विचारणार नाही. आत गेल्यावर डाव्या हाताची चौथी रांग, कडुनिंबाजवळ, अजून दगड बसवलेला नाही, नुसती माती आहे आणि क्रॉस. स्टेशनवर उतरलास की पुलावरून येऊ नको. मालधक्क्याच्या बाजूने बाहेर पड आणि शाळेच्या भिंतीलगत सरळ चालत जा. थोडं लांब पडतं, पण त्या वाटेने आपलं घर लागत नाही.

बन्यामीन